दवाखान्याचा वेल

आमच्या घराण्यात कुठलंही कार्य असलं की जेवणं आटोपल्यावर माझा चुलतभाऊ विलास एक गोष्ट सांगतो. गोष्ट माझ्या आईची आहे. आम्ही तिला माय म्हणतो. "काकूनं एकदा कॅमेऱ्याचा रोल कुरडयांसंगं वाळू घातला," अशी तिची सुरुवात असते, आणि पुढचं काही सांगायची गरजच पडत नाही, लोक हसत सुटतात. ही गोष्ट मी माझ्या स्वतःच्या लग्नात ऐकली. माझ्या मुलीच्या बारशात ऐकली. बापू, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा त्यांच्या तेराव्याच्या पंगतीतसुद्धा विलासनं ती सांगितली, "जरा वातावरण हलकं करावं" म्हणून. दरवेळी माय कोपऱ्यात बसलेली असते, पदर तोंडाला लावून तीही थोडीशी हसते, आणि माझं डोकं फिरतं. आता माझी साठी उलटली, सकाळची रक्तदाबाची गोळी चुकत नाही, डॉक्टरांनी चिडायचं नाही म्हणून बजावून ठेवलंय. पण ते दिवस आठवायचे तर चिडल्याशिवाय आठवताच येत नाहीत, म्हणून हे प्रकरण मी चिडूनच लिहिणार आहे.

मुकुंदवाडीत आमची दोन खोल्यांची पत्र्याची जागा होती. रेल्वेचे रूळ एवढे जवळ की मालगाडी गेली की मांडणीवरच्या ताटल्या थरथरायच्या. आमच्या आधीच्या पिढ्या मेंढरांमागं रानोमाळ फिरल्या. बापूंनी ते सोडलं आणि ते चितेगावला कंपनीत लागले. तात्या, म्हणजे बापूंचे थोरले भाऊ, विलासचे वडील, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहायचे. त्यांनी शेवटपर्यंत शेरडं ठेवली आणि शेरडांबरोबर आम्हालाही हाकायचा हक्क ठेवला. आमच्या घरात काय शिजावं, कुणी कुठं जावं, भिंतीला कुठला रंग लावावा, हे तात्या दारात उभे राहून सांगायचे. बापू मान हलवायचे. माय काहीच बोलायची नाही, आणि ती बोलत नाही म्हणजे तिला काही म्हणायचं नाही असं सगळ्यांनी सोयीनं धरून ठेवलं होतं.

पुढच्या भिंतीला लागून उघडी मोरी होती आणि मोरीच्या सांडपाण्यावर एक वेल वाढला होता. तो सबंध भिंत चढून पत्र्यावर गेला होता. फाल्गुन सरता सरता, आजूबाजूला सगळं करपायला लागलं की हा फुलायचा. फूल म्हणजे काय सांगू! आधी पांढरीशुभ्र, चुण्या पाडून शिवलेल्या बटव्यासारखी पिशवी, आणि तिच्या तोंडातून बाहेर आलेलं एक लालभडक फूल, थेंबाएवढं. घोसच्या घोस लोंबायचे. वास अजिबात नाही. देवाला कुणी वाहायचं नाही, केसांत कुणी माळायचं नाही. तात्यांची शेरडं हुंगून पुढं जायची. आमच्या घरी त्याला दवाखान्याचा वेल म्हणत, कारण मायनं तो दवाखान्यातून आणला होता. मी लहान असताना ती बाळंतपणाला मोठ्या सरकारी दवाखान्यात गेली होती. मुलगा झाला आणि दोन दिवसांत गेला. ती घरी आली तेव्हा तिच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक काडी होती. तिच्या खाटेजवळच्या खिडकीबाहेर तो वेल होता आणि ते दिवस तिनं त्याच्याकडं बघून काढले होते. यातलं तिनं मला एकदाच सांगितलं, तेही भाकरी थापताना, माझ्याकडं पाठ करून. त्या मुलाचं नाव ठेवायचं राहून गेलं होतं. मोरीतलं खरकटं पाणी मात्र तिनं एक दिवसही दुसरीकडं वळू दिलं नाही.

सध्या हा वेल माझ्या सिडकोतल्या फ्लॅटच्या गॅलरीत आहे. नर्सरीवाल्यानं मोठ्या ऐटीत सांगितलं, "मॅडम, ब्लीडिंग हार्ट आहे." म्हणे रक्त गळणारं हृदय! मला त्या नावाचाही राग येतो. कुणाच्या दारातलं साधं फूल, त्याला असलं नाटकी नाव कशाला? दर वसंतात मी मोबाइलवर त्याचे ढिगानं फोटो काढते. सकाळचं कोवळं ऊन पडलं की पांढऱ्या पिशव्या आतून उजळतात, जुन्या झालेल्या फिकट जांभळ्या होतात, तेही छान दिसतं. मी ते मायला दाखवते. ती माझ्याकडेच असते, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिला चांगलं दिसतं. ती फोन हातात धरते, बघते आणि परत देते. "ह्यो त्यो येल नाय," म्हणते. "आपल्या येलाचे फोटू हायेत की." मी समजायची, वय झालं, आता असं व्हायचंच.

तर त्या वर्षी मी अकरावीत होते आणि माझी मोठी बहीण इंदू लग्नाची झाली होती. विलासनं शहागंजातून एक जुना कॅमेरा आणला होता. तो गळ्यात अडकवून तो गल्लीतून असा चालायचा, जणू गल्ली त्याच्या बापाची. मला फोटोंचं वेड लागलं ते त्या कॅमेऱ्यामुळंच. मी त्याच्या मागं मागं फिरून सगळं शिकून घेतलं: उजेड कुठून येतो ते बघायचं, श्वास रोखून बटण दाबायचं, रोल संपला की उलटा गुंडाळून घ्यायचा. दहावी पास झाले म्हणून मामानं मला रंगीत रोल घेऊन दिला होता. तो मी जपून ठेवला होता. रंगीत रोल धुवायला तेव्हा बाहेरगावी पाठवावा लागे, महिना महिना वाट बघावी लागे, म्हणून कशाचे काढायचे ते काही ठरत नव्हतं.

इंदूला लासूर स्टेशनचं स्थळ सांगून आलं. मुलाकडची माणसं आडतीच्या धंद्यातली, चांगली खाऊनपिऊन सुखी. ते यायच्या आधी मध्यस्थ एकदा घर बघून गेला. चहा पिताना त्याचं लक्ष भिंतीवर गेलं आणि तो सहज म्हणाला, "ह्ये कसलं फूल म्हणायचं? रगत ठिपकल्यावानी दिसतंय." बस्स, एवढंच. त्याच्या मनात काही नसेलही. पण तात्या शेजारी बसले होते. मध्यस्थ गेल्यावर ते बापूंना म्हणाले, "ऐतवारी पाव्हणे यायच्या आत ह्यो येल काढायचा. दवाखान्यातलं रगतपिती झाड दारात ठिवून पोरगी दावतोस व्हय? आन् कामाचा तरी काय? शेरडं तोंड लावंनात."

बापू म्हणाले, "काढू की."

"काहून काढायचा?" मी मधेच बोलले. "मायनं लावलाय तो. मायला विचारा."

तात्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "लई शिकवू नको पोरीला," असं बापूंना म्हणून ते उठले. मी मायकडं बघितलं. ती कुरडयांसाठी भिजवलेल्या गव्हाचं पाणी बदलत होती. मला वाटलं आता तरी बोलेल. तिनं पातेलं झाकलं, हात पुसले आणि रात्री जेवताना हळूच मला म्हणाली, "शके, त्यो मामाचा रोल हाय न्हवं? येलाचे फोटू काढून ठिव. समदे त्याचेच काढ."

विलासनं कॅमेरा दिला, दहा वेळा उपकार ऐकवून दिला. दोन सकाळी मी फक्त त्या वेलाचे फोटो काढले. मोरीच्या कट्ट्यावर चढून, आडवी पडून, घोसाच्या खाली डोकं घालून. एक घोस मायनं काठीनं उजेडाकडं वळवून धरला होता, त्यात तिच्या हिरव्या बांगड्या आल्या असणार. ती मला मधूनमधून सांगायची, "ती कळी घे. त्यो जांभळा झाल्याला घे, त्योबी आपलाच हाय." मी तिला म्हटलं, माय, तू उभी राहा की वेलाजवळ. तर नको म्हणाली, तेवढ्यात दोन फुलं जास्त येतील. इतकी खुशीत मी तिला त्या घरात क्वचितच पाहिली. वेल तुटायचा होता हे दोघींनाही माहीत होतं, पण आता तो आमच्या डबीत जमा होतोय, तात्यांच्या कोयत्याला सापडणार नाही, असं वाटत होतं. रोल संपला. मी तो गुंडाळून काढला, प्लॅस्टिकच्या डबीत घालून माठाशेजारच्या कोनाड्यात ठेवला आणि मायला सांगितलं, "हे सांभाळ, खराब व्हायला नाय पाहिजे."

आता हे समजून घ्यायचं तर आमच्याकडचा वसंत समजून घ्यावा लागेल. ते दिवस वाळवणाचे. वर्षभर टिकवायचं ते सगळं या उन्हात टाकलं जातं. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, त्याचा चीक काढायचा. तो मोठ्या पातेल्यात रटरट शिजवायचा, हाताला चटके बसेपर्यंत घोटायचा. गरम चिकाची वाटी, त्यावर तेल आणि तिखट, आम्हा पोरींना मिळायची. मग बाजेवर जुनं लुगडं अंथरून सोऱ्यानं कुरडया पाडायच्या. डाळी, मिरच्या, हळद, शेवया, गोधड्या, लग्नातलं पातळ, पेटीच्या तळचे कागद, सगळ्यांना ऊन दाखवायचं. आमच्या बायकांच्या लेखी जपणं याचा अर्थच ऊन दाखवणं. ओल म्हणजे बुरशी, कीड, नासाडी. हे शास्त्र मायला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं, ती त्याच्यावर आमची पोटं भरत होती, आणि त्यात ती कधी चुकली नाही.

शनिवारी सकाळी मी कॉलेजात गेले. कोनाडा माठाजवळचा, माय डबी नीट आहे ना ते बघायला गेली तर तिला ती गार, दमट लागली. तिनं झाकण उघडलं. रोल गुंडाळताना त्याची शेपटी माझ्याकडून बाहेर राहिली होती. तिनं ती धरून ओढली, तर आतून येतच राहिलं, येतच राहिलं. एवढं लांबलचक, एवढं घट्ट गुंडाळलेलं, आत हवा नाही, ऊन नाही. हे आठ दिवसांत नासणार, असं कुणाही शहाण्या बाईला वाटलं असतं. तिनं ते सगळं उलगडलं, बाजेवर कुरडयांच्या शेजारी धुवट फडकं टाकून त्याच्यावर पसरलं, गुंडाळी होऊ नये म्हणून दोन्ही टोकांना धुतलेले खडे ठेवले, आणि कावळे येऊ नयेत म्हणून स्वतः काठी घेऊन बसली. त्याच वेळी दहा पावलांवर तात्या कोयत्यानं वेल उतरवत होते. बुंधा त्यांनी कुदळीनं मुळासकट उपटला. ती तिकडं बघत नव्हती, असं इंदू सांगते. ती बाजेवर नजर ठेवून होती.

मी आले तेव्हा गल्लीत वेलाचा ढीग पडला होता, फुलं अजून टवटवीत होती, आणि माझ्या मागोमाग विलास कॅमेरा न्यायला आला. त्यानं बाज बघितली. आधी त्याला कळलं नाही, मग कळलं, आणि तो भिंतीला टेकून हसायला लागला. "आरे बाप रे! काकूनं रोल वाळू घातला! कुरडयांसंगं! आता तळून खा म्हणावं!" तात्या आले, गल्लीतल्या बायका आल्या, बापू आले. विलास एकेकाला सांगत होता आणि प्रत्येक जण हसत होता. मी "माय, हे काय केलंस!" एवढंच ओरडले आणि आत जाऊन दार लावून घेतलं. आतून मला ऐकू येत होतं. तात्या म्हणत होते, "आडान्याच्या हातात दिल्यावर दुसरं काय व्हनार." ज्या माणसाच्या हातात त्या क्षणी कोयता होता तो हे म्हणत होता! माय काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. ती म्हणाली असेल असंही वाटत नाही.

आणि रविवारची गंमत ऐका. पाहुणे आले, पोहे झाले, इंदूला प्रश्न विचारून झाले. मुलाची आई, मोठी मोकळ्या मनाची बाई, बाहेर येऊन उघड्या भिंतीकडं बघायला लागली. भिंतीवर वेलाच्या फांद्यांचे डाग राहिले होते. "आवो, तुमच्या दारात म्हणं लई भारी येल हाय, मध्यस्थ सांगत व्हते. मला एक फांदी न्यायची व्हती." तात्या म्हणाले, कीड लागली होती. ढीग आदल्या दिवशीच्या उन्हानं सुकला होता आणि सकाळीच कुणीतरी पेटवून दिला होता. मला तेव्हा तिथंच ओरडून सांगायचं होतं, पण इंदूनं माझा हात दाबून धरला. लग्न जमलं. इंदू लासूरला सुखात आहे, हे खरं. पण त्या वेलापायी काही अडलं नसतं, हेही तितकंच खरं.

गेल्या महिन्यात इंदूच्या नातीचा साखरपुडा झाला, पैठण रस्त्याला चितेगावच्या अलीकडं एका हॉलमध्ये. दाराशी प्लॅस्टिकच्या फुलांची कमान, पोरं तिच्यापुढं उभी राहून सेल्फी काढत होती. जेवणं झाली. विलास आता आजोबा झालाय, पण त्याला माइक दिसला की राहवत नाही. "आमच्या काकूची एक गंमत सांगतो," म्हणाला. मुलाकडची नवी माणसं कौतुकानं ऐकायला लागली. "तर काकूनं काय केलं..." मी खुर्चीवरून उठले. मी कधी चारचौघांत बोललेली बाई नाही. जाऊन मी त्याच्या हातातला माइक काढून घेतला.

"दरवेळी अर्धीच सांगतोस," मी म्हटलं. "आज पुरी सांग. त्या दिवशी गल्लीत कोण काय तोडत होतं, ते सांग. तो वेल तिनं कुठून आणला होता, कधी आणला होता, ते सांग. मग हसू आपण सगळे."

 विलास चाचरत म्हणाला, "शके, गंमत व्हती गं. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

"गंमत तुझी होती. वेल तिचा होता."

तेवढ्यात पुढच्याच खुर्चीवर बसलेल्या मायनं माझा पदर ओढला. तिला वाटलं मी भांडण लावते आहे. "बस खाली," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक, पण माइक माझ्या हातात होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "कार्यात भांडू नाय. आन् फोटू हायेत की. माझ्या पेटीत हायेत, लुगड्याच्या घडीत ठिवल्यात. तू एकदा धुऊन आण म्हंजी ह्याचं त्वांड बंद हुईल. मी म्हणतेच हाय, पोरगी काहून धुवायला टाकंना."

कुणी हसलं नाही. मला पहिल्यांदा अर्थच लागेना, मग लागला. आपल्या येलाचे फोटू हायेत की. तिनं तो रोल त्या दिवशी पुसून, गुंडाळून, डबीत भरून पेटीत ठेवला होता. इतकी वर्षं सगळं घराणं तिला हसलं आणि उजेडानं रोल पुसला जातो हे एकानंही तिला सांगितलं नव्हतं. ती समजत होती, रोलला कुरडयांचा चीक लागेल म्हणून लोक हसतात.

मी माइक विलासच्या हातात परत दिला. "सांग आता," म्हटलं. "तुलाच येते ना ती गोष्ट."

त्यानं माइक बाजूला ठेवला. तो खाली, तिच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसला आणि त्यानं तिला समजावून सांगितलं, अडखळत अडखळत. रोल अंधारातच ठेवावा लागतो, उजेड लागला की आतलं सगळं जातं, मग धुतला तरी काही निघत नाही. माय नीट ऐकत होती. मधे एकदा तिनं विचारलं, "समदंच जातं?" तो म्हणाला, "समदंच, काकू."

तिनं हातातली बांगडी एकदा फिरवली. मग विलासला नाही, मला नाही, तिथं नसलेल्या कुणाला तरी म्हणावं तसं म्हणाली, "तवाच सांगायचं व्हतं रं. येल गल्लीतच पडल्याला व्हता, वला व्हता. मला वाटलं, फोटू हायेत, म्हणून मी फांदी ठिवली नाय."